ताट उचलणारा मन्मथआप्पा

मन्मथआप्पानं माझ्या बापापुढचं ताट उचललं, त्याला आता नऊ वर्षं झाली. मी मोसंबीचा व्यापारी आहे. फळ झाडावर असतानाच बागा घेतो, बांधावर उभा राहून शेतकऱ्याशी तासतासभर भांडतो आणि सौदा झाला की त्याच्याच घरी चहा पितो. राग मला पटकन येतो आणि पटकन जातो, असं मी स्वतःबद्दल सगळ्यांना सांगत आलोय. हा एक राग काही गेला नाही. त्यामुळे या माणसाबद्दल मला सरळ लिहिता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण त्याच्या हातच्यासारखा डोसा मला पुन्हा कुठे मिळाला नाही, हेही खरं. ते कबूल करणं अजून माझ्या जिवावर येतं.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी त्याची पत्र्याची टपरी होती. चार बाकं, एक तवा, मागं पाण्याची टाकी. पाटी नव्हती. माणूस उंच, वाळलेला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी, खांद्यावर ओला फडका. मूळचा अंबड तालुक्यातलाच, पण चौदाव्या वर्षी हैदराबादेला गेला आणि केस पांढरे व्हायला लागले तेव्हा परत आला. तिथल्या एका हॉटेलात आधी भांडी घासली, मग डाळ-तांदूळ वाटले, मग पीठ सांभाळलं. तव्यापाशी पोचायला त्याला अकरा वर्षं लागली.

"अकरा वर्षं तव्याला हात लावू दिला न्हाई उस्तादनं," तो अभिमानानं सांगायचा. "एकदा कुणी न्हाई बघून लावला, तर गरम उलथनं हितं ठिवलं." मनगट पुढं करून डाग दाखवायचा. "म्हणून हात बसला."

चटक्याशिवाय माणूस शिकत नाही, यावर त्याचा असा पक्का विश्वास होता.

पिठावर तो लेकरासारखा जीव लावायचा. थंडीत पातेल्याला गोणपाट गुंडाळायचा, उन्हाळ्यात तेच पातेलं ओल्या वाळूत ठेवायचा. सकाळी झाकण काढायच्या आधी पातेल्याला कान लावायचा. पीठ फुगताना बारीक बुडबुडे फुटतात, त्यांचा आवाज ऐकायचा म्हणे. कधीकधी झाकण परत ठेवून रस्त्यावर येऊन उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "आज तासभर न्हाई. पीठ उठून राह्यलंय." गिऱ्हाईक निघून जायचं. त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. तव्यावर पाण्याचा हबका मारला की त्या आवाजावरून त्याला आच कळायची. अर्धा कांदा काट्याला टोचून तवा पुसायचा, वाटीनं पीठ मधोमध ओतून बाहेर फिरवत न्यायचा आणि मग हात मागं बांधून उभा राहायचा. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचा नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं. डोसा ताटात पडला की खरा मन्मथआप्पा सुरू व्हायचा.

डोसा कसा खायचा, ते त्याचं ठरलेलं होतं. उजव्या हातानं, कडेकडून. आधी कुरकुरीत कड मोडायची, ती नुसती खायची. मग चटणी टेकवून. मग सांबार, पण वाटीत फक्त टोक बुडवायचं. मधला मऊ भाग भाजीसकट शेवटी. चमचा नाही, फोनवर बोलायचं नाही, पार्सल नाही. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे कुस्करणं.

आता आमच्या भागात माणूस भाकरी कुस्करूनच खातो. ज्वारीची भाकरी, वर कालवण, वाटलंच तर दूध. हातानं एकजीव करायचं आणि ओरपायचं. त्यामुळं नवा माणूस टपरीत बसला की डोशाचे दोन तुकडे करून सांबाराच्या वाटीत घालायचा, वर चटणी ओतायचा आणि बोटं चालवायचा. आप्पाची पाठ असली तरी त्याला ते कसं कळायचं कोण जाणे. यायचा, ताट उचलायचा आणि काही न बोलता मागच्या बादलीत रिकामं करायचा. पैसे घ्यायचा नाही. दुसरा डोसाही द्यायचा नाही.

त्याची बायको सुमनबाई चटणी वाटायची आणि पाणी द्यायची. ठेंगणी, तोंडानं फटकळ. एकदा मी समोर बसलेलो असताना त्यानं चटणीचं बोट चाटलं आणि अख्खं भांडं नालीत ओतलं. खोबरं कालचं होतं.

"फेका, फेका," बाई म्हणाली. "एक दिवस मला बी फेकाल."

"तू शिळी झालीस का, ते आधी चाखावं लागंल," आप्पा म्हणाला.

टपरीत हशा झाला. मीही हसलो. बाईनं पदरानं हात पुसले आणि पुन्हा नारळ फोडायला बसली. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. दुसऱ्याचा अपमान चालू असताना आपला डोसा गरम असतो, एवढंच माणसाला कळतं.

एका शाळामास्तरांची बायको आजारी होती. ते पार्सल मागायला आले.

"तिला घिऊन या," आप्पा म्हणाला.

"ताप आहे हो तिला. चार दिवस अन्न गेलं नाही. तुमचा डोसा म्हणाली."

"तापाच्या माणसाला पेज द्यावी. माझा डोसा कागदात गेला का मेला. मेलेलं कशाला न्हेता घरी?"

मास्तर मऊ माणूस. डब्याची पिशवी काखेत मारून निघून गेले. आणखी एकदा सरकारी गाडीतून एक साहेब उतरले आणि त्यांनी काटा-चमचा मागितला. आप्पानं उलथन्यानं टपरीमागची बाभळ दाखवली. "काटे तिकडं हायेत, साहेब. लागतील तेवढे तोडा." साहेब हसले, हात धुऊन आले आणि निमूट हातानं खाऊ लागले. ही गोष्ट पंचक्रोशीत फिरली. लोक मुद्दाम त्याच्याकडून बोलणी खायला येऊ लागले. चारजणांना घेऊन यायचं, त्यातल्या एका नव्या माणसाला काही सांगायचं नाही आणि गंमत बघायची. मीही हे केलंय.

माझ्या बापाला नेलं ते मात्र गमतीसाठी नव्हे. त्या वर्षी पहिल्यांदा बागेत मला बरे पैसे सुटले होते. आबांनी तीस वर्षं सालगडी म्हणून काढलेली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मळणी यंत्रात गेली. सालगड्याला सावकाश जेवता येत नाही. हाक यायच्या आत कुस्करायचं, ओरपायचं, उठायचं. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा डोसा बघितला. ताटाबाहेर आलेली त्याची टोकं बघून म्हणाले, "सुभ्या, एवढं मोठं? दोघांत का?"

"न्हाई आबा, तुमचं एकट्याचं."

मी हात धुवायला मागं गेलो. जेवायची रीत सांगायची राहिली, की सांगावीशी वाटली नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. परत आलो तर आबांनी सगळा डोसा वाटीत कोंबला होता. सांबार ताटभर झालं होतं आणि ते तीन बोटांनी कालवत होते. शेजारच्या बाकावरचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

आप्पा आला. ताट उचललं. यावेळी तो बोललाही.

"म्हातारबा, असं आंबोण म्हशीला घालत्यात. माझ्या हातचं न्हाई."

आणि बादलीत ओतलं. आबा तसाच ओला हात वर धरून उभे राहिले. कुणाचं तरी काही तरी नासवलं, अशा चेहऱ्यानं. लोक हसत होते.

मी आप्पाची बंडी धरली. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. मान तव्याकडं.

"डोसा हाय तव्यावर. तो उतरू दे, मंग मार."

आणि माझा हात सोडवून तो गेला. कडा सुटेपर्यंत थांबला. डोसा काढला, दुमडला, गिऱ्हाइकाला नेऊन दिला. मग फडक्याला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हां. आता मार."

तोवर माझा हात थंड झाला होता. तेवढा वेळ गेल्यावर मारता येत नाही. हे मी त्याला आजवर माफ केलं नाही. ताट उचललं ते एक वेळ समजू शकतो. मला त्यानं थांबायला लावलं आणि मी थांबलो.

आम्ही बौद्ध, तो लिंगायत. घरी येताना मोटारसायकलवर मी तेच बोलत होतो. आमची वस्ती त्याला माहीत होती, म्हणून त्याची हिंमत झाली, असं म्हणत होतो. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी तालुक्याला जाऊन तक्रार केली असती. पण पुढच्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या सख्ख्या साडूचं ताट उचललं, आणि महिन्याभरात एका मोठ्या बागायतदाराच्या जावयाचं, तेही सगळ्या सासुरवाडीसमोर. त्या माणसाला जात दिसत नव्हती, वय दिसत नव्हतं, तुटलेली बोटंही दिसत नव्हती. फक्त ताट दिसायचं. ही काही त्याची चांगली बाजू नव्हे.

त्यानंतर मी त्या टपरीत पाय ठेवला नाही.

आमच्या घरात मात्र काही तरी सुरू झालं. आबा सुनेकडं धिरडी मागू लागले. रविवारी, मग बुधवारीही. धिरड्याची कड ते तळहाताच्या बाजूनं दाबून धरायचे, अंगठा आणि एका बोटात पकडून ओढायचे. तुकडा निसटायचा, धिरडं अख्खंच्या अख्खं ताटातून घरंगळायचं. बायकोला वाटलं, म्हातारपणी हात कापायला लागला. मी ओळखलं आणि माझं डोकं फिरलं.

"आबा, कुस्करून खा की. घर तुमचं हाय."

"गप," ते म्हणाले. "मला येऊन राह्यलंय."

असे चार-पाच महिने गेले. एके दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून काळीपिवळीत बसून एकटेच गेले. दुपारी आले. ओसरीवर बसून चपला काढता काढता म्हणाले, "त्यानं ताट उचललं न्हाई."

"कुणी?"

"आप्पानं. उगं उभा ऱ्हायला. बघितलं. मंग गेला तव्याकडं."

"काय म्हणला?"

"काय म्हणंल? काहीच न्हाई म्हणला!" आणि आबा हसले. मी शाळेत पहिला आलो तेव्हाही ते इतके हसले नव्हते.

मी हातातला तांब्या भिंतीवर मारला. तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात वाकलेल्या माणसाला कुणी हाकललं नाही एवढ्याचाही आनंद होतो, हे मला बघवलं नाही. आबांना ते कळलं नाही. ते दर पंधरा दिवसांनी जाऊ लागले. दोघं एकमेकांशी कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. आबा खायचे, तो उभा राहायचा.

मग रस्ता रुंद करायचं काम आलं. पंक्चरवाला गेला, आप्पाची टपरीही गेली. माझे तिथंच आतल्या बाजूला तीन गाळे झाले होते, ते आता रस्त्यालगत आले. तव्याला रस्त्यालगत जागा लागते, आणि तशी रिकामी जागा तेव्हा फक्त माझ्याकडं होती. वर्षानुवर्षं भाव पाडत आलेल्या माणसाला समोरच्याची गरज वास येऊन कळते. मी फोन केला नाही. थांबलो.

तो अकराव्या दिवशी आला. मागं सुमनबाई, हातात पिठाचं पातेलं. बहुतेक ते ठेवायलाही जागा नसावी.

"गाळा पाह्यजे," आप्पा म्हणाला. "भाडं तू सांगशील ते."

"भाड्याचं राहू द्या. माझा बाप येईल. बाकावर लोक बसलेले असतील. तुम्ही त्याच्यापुढं जाऊन म्हणायचं, माझं चुकलं. बस्स. दुसऱ्या दिवशीपासून तवा मांडा."

सुमनबाई लगेच म्हणाली, "म्हणत्याल. म्हणा वो. दोन शब्द तर हायेत."

आप्पानं विचार केला. मला वाटलं होतं, तो भडकेल. तो भडकला नाही, तेच वाईट झालं.

"चुकलं असतं तर म्हणलो असतो," तो म्हणाला. "म्हातारा आता बराबर खातो. तीन बोटांत खातो, दहा बोटंवाल्याला जमत न्हाई तसं खातो. तव्हा मी बोललो नसतो तर असा खाल्ला असता का? तूच सांग."

"माझा बाप तुमच्याकडं शिकायला आल्ता का? भूक लागली म्हणून आल्ता!"

"मंग भाकरी खायाची घरी."

"गाळा मिळणार न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

सुमनबाई तिथंच उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तुमच्या दोघांच्या नाकात माझं पीठ आंबून चाललंय," म्हणाली, आणि पातेलं घेऊन नवऱ्याच्या मागं गेली.

मी त्याच आठवड्यात तो गाळा मोबाइलवाल्याला दिला. आबांना कुणीतरी सांगितलं. ते गाळ्यापर्यंत आले, काचेतले मोबाइल बघत उभे राहिले. मला म्हणाले, "मला इचारायचं व्हतंस."

"तुमच्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी कर म्हणून म्या कधी म्हणलो?"

त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. डोसाही निघाला नाही. आप्पा कुठं गेला, ते आबांनी दोन-तीनदा लोकांना विचारलेलं मला समजलं. मला विचारलं नाही. कुणी म्हणायचं तो पुन्हा हैदराबादेला गेला, कुणी म्हणायचं जालन्यात आहे. सुमनबाई टपरी गेली त्याच्या पुढच्या वर्षी वारली, एवढंच पक्कं कळलं.

गेल्या उन्हाळ्यात जालन्याला एका व्यापारी मित्राच्या मुलीचं लग्न होतं. दुपारचं, मोठ्या मंगल कार्यालयात. आबांना घेऊन गेलो. आता त्यांना फार चालवत नाही. आत पंख्याखाली खुर्चीवर बसवलं. जेवणाचे निरनिराळे कोपरे मांडले होते: चाट, जिलेबी, पावभाजी आणि डोसा. आबांनी लांबूनच धूर बघितला आणि म्हणाले, "डोसा हाय का रे? एक आण."

मी ताट घेऊन रांगेत उभा राहिलो. पंधरा-वीस माणसं होती. पुढं सरकलो तेव्हा तव्यामागं मन्मथआप्पा दिसला.

कंत्राटदारानं दिलेली लाल टोपी, लाल अंगरखा. कपाळ टोपीखाली गेलेलं. समोर चार तवे, तो एकटा. एकावर पीठ ओतायचा, दुसऱ्यावर फिरवायचा, तिसरा उचलून ताटात टाकायचा, न बघता. शेजारी कंत्राटदाराचा माणूस ओरडत होता, "आप्पा, हात चालवा, हात! लाईन बाहेर गेली!" लोक डोसा घेऊन चालता चालता तोंडात कोंबत होते. कुणी त्यावर पावभाजी घातली होती. एका बाईनं लेकराला भरवताना तो जिलेबीच्या पाकात बुडवला. आप्पानं एकदाही मान वर केली नाही.

माझा नंबर आला. मी म्हणालो, "आप्पा."

त्यानं बघितलं. ओळखलं. 

"कोपऱ्यावरचा गाळा सुटणार हाय," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. घरून ठरवून आलो नव्हतो. "या तुम्ही. अट न्हाई. काहीच न्हाई."

उलथनं हातात धरून तो थोडा थांबला. तव्यावरचा डोसा काळा पडायला लागला तरी थांबला.

"आता न्हाई जमायचं," तो म्हणाला. "हितं बरं हाय. हितं कुणी बघत न्हाई."

मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. "काका, बोलायचं असेल तर बाजूला होऊन बोला की."

आप्पानं दुसऱ्या तव्यावरचा डोसा उचलून माझ्या ताटात टाकला आणि पुढच्या माणसाकडं वळला.

मी खांबाआड उभा राहून तो मोडला. कडा जळलेल्या होत्या आणि मधोमध पीठ कच्चं होतं, बोटाला चिकटत होतं. बाजारात एक डागाळलेलं फळ निघालं तरी क्रेट परत पाठवणारा माणूस मी. उभ्या उभ्या तो सगळा खाल्ला. हात धुतले आणि आत गेलो.

आबा दाराकडं बघत बसले होते. "आणला?"

"संपले," मी म्हणालो.

"संपले? आत्ता तर धूर निघून राह्यलाय."

"ते दुसरं काय तरी हाय. चला, आपल्याला उशीर होतोय."

त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना उठवलं आणि मागच्या दारानं गाडीपाशी नेलं.